दामोदर बंद झालं, आता नमन कुठे लावायचं?

परळचं दामोदर नाट्यगृह नोव्हेंबर 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. सगळीकडून जुन्या नाटकांच्या आठवणी निघाल्या, आणि त्या निघायलाच हव्या होत्या. आमच्या कोकणातल्या संगमेश्वरच्या मंडळींना मात्र पहिला प्रश्न पडला तो हा, की आता आपलं नमन, म्हणजे आमच्याकडचा गाण्या-नाचाचा आणि सोंगांचा खेळ, लावायचं कुठे?

हा प्रश्न आमच्यापुरता किरकोळ नाही. शंभर वर्षांत त्या वास्तूत काय काय झालं ते पाहिलं, तर ती टिकली ती अशाच प्रश्नांना जागा देत देत, असं मला मनापासून वाटतं.

जागा सोशल सर्व्हिस लीगची. कामगार नेते ना. म. जोशींनी 1911 मध्ये ही संस्था काढली. हे तेच जोशी, ज्यांच्या नावाच्या रस्त्याला आमच्याकडची जुनी माणसं अजून डिलाईल रोडच म्हणतात. गिरणीत बारा-बारा तास राबणाऱ्या माणसाला अक्षर यावं, त्याच्या हाती पुस्तक पडावं, म्हणून लीगने रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. दामोदर हॉल उभा राहिला तो या कामाच्या सोबतीने. त्यामुळे तिथे नाटक होतं तशी सभाही होती, आणि कधी कधी सभेचंच पारडं जड असे.

9 मार्च 1924 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच हॉलमध्ये सभा बोलावली. अस्पृश्यांच्या अडचणी सरकारपुढे मांडणारी एक मध्यवर्ती संस्था हवी, हा तिचा विषय. त्यातून 20 जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिची कचेरीही दामोदर हॉलमध्येच होती. पुढच्या वर्षी सभेने सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह काढलं. परळच्या कचेरीत ठरावं आणि सोलापुरात पोरांच्या राहण्या-जेवणाची सोय व्हावी, हे मला फार मोठं वाटतं. दामोदरबद्दल बोलताना नाटकवाल्यांनी ही गोष्ट शेवटी जाता जाता सांगू नये, आधी सांगावी.

मग कामगार रंगभूमी. पाळी सुटली की तालीम, आणि बायकांच्या भूमिकाही बऱ्याचदा साच्यावर, म्हणजे मागावर, राबणारे पुरुषच करत. सहकारी मनोरंजन मंडळासारख्या संस्थेने पिढ्यान् पिढ्या हे वेड जपलं. त्या नाटकांबद्दल माझ्यापेक्षा जाणकार माणसांनी लिहिलंय, म्हणून मी पुढे जातो.

माझे बाबा गिरणीच्या साचेखात्यात होते. राहायला गावकीची, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून ठेवलेली, खोली, जेवायला खानावळ, आणि पगारातून दर महिन्याला ग्रामस्थ मंडळाची वर्गणी. गावच्या देवळाचा सभामंडप, शाळेची कौलं, नळपाणी योजनेतला लोकांचा वाटा, हे सगळं त्या वर्गणीतून व्हायचं. वर्गणी पुरली नाही की नमन लावायचं किंवा शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे दोन शाहिरी पक्षांच्या गाण्यांचा, सामना ठेवायचा. दामोदरची तारीख घ्यायची, देणगी प्रवेशिका छापायच्या आणि त्यांची पुस्तकं वाटून घ्यायची. बाबा रविवारी पिशवीत पुस्तक घालून निघायचे ते काळाचौकी, शिवडी, करी रोड, असं खोलीखोलीने फिरत. दार उघडलं की आधी गावाकडच्या पावसापाण्याची चौकशी, मग चहा, आणि उठता उठता पुस्तक बाहेर.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. बाबा त्यांतलेच. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. माणसं दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरारकडे गेली. मंडळं मात्र मोडली नाहीत, आणि त्यांनी दामोदरही सोडलं नाही. पोरं विरारहून यायची, दिव्याहून यायची, पण नमन परळलाच. कारण दोन्ही रेल्वेमार्गांवरून तिथे चालत पोहोचता येत होतं, शेवटची गाडी मिळत होती आणि भाडं मंडळाच्या आवाक्यातलं होतं. परळ हे आपलं, ही भावना होतीच. पण भाडं परवडलं नसतं, तर नुसत्या भावनेवर तारीख मिळाली नसती.

एक गोष्ट दामोदरच्या रंगमंचाने आमच्या कलेत बदलली, ती सांगायलाच हवी. गावच्या अंगणात जाखडी, म्हणजे शक्ती-तुऱ्यातला नाच, गोल फिरते. शाहीर, ढोलकीवाला, झांजवाले मध्ये बसतात आणि पायात घुंगरू बांधलेली पोरं त्यांच्याभोवती नाचतात. बघणारे चारी बाजूंनी. दामोदरला प्रेक्षक एकाच बाजूला. तेव्हा शाहीर मागे सरकले, माईक आले आणि रिंगण फुटून पोरं रांगेत उभी राहायला लागली. तुरेवाल्यांनी शिवाचा मोठेपणा गायचा आणि शक्तीवाल्यांनी तो खोडून शक्तीचा गायचा, हा जुना वाद. तो आता समोरच्या खुर्च्यांकडे बघून रंगायला लागला, आणि दोन्हीकडचे समर्थक सभागृहात वेगवेगळ्या बाजूंना बसायला लागले. काही जुने बुवा यावर नाराज होते. मला मात्र त्यात जिवंतपणा दिसतो. जागेप्रमाणे पाऊल बदलता आलं, म्हणूनच जाखडी मुंबईत टिकली.

नमनात तर आम्ही अंगण परत आणलंच. नमनातलं संकासूराचं सोंग विंगेतून येतच नसे. काळा झगा, उंच टोपी, कमरेला घुंगरं असा तो मागच्या दारातून प्रेक्षकांत घुसायचा. पुढच्या रांगेतल्या बाया ओरडायच्या, लहान पोरं आईच्या पदरात तोंड लपवायची. तिकडे रंगमंचावर मृदंग त्याची वाट बघत घुमत असायचा.

बंद झाल्यावर कलाकारांनी आंदोलन केलं. आधी नाट्यगृह बांधा, मग बाकीचं, ही त्यांची मागणी मला योग्य वाटते. पण ‘नाट्यगृह’ एवढ्यावर मागणी थांबली, तर उद्या चकचकीत वातानुकूलित सभागृह उभं राहील आणि त्याचं भाडं ऐकूनच आमची मंडळं मागे फिरतील. आज आमच्यातली काही मंडळं गिरगावला साहित्य संघात जातात, काही पार्ल्याला दीनानाथमध्ये, काही बोरिवलीला. तिथे तारखा मिळाल्या तर नमन होतं, नाहीतर त्या वर्षी राहूनच जातं.

म्हणून माझ्यासारख्या मंडळवाल्याचं म्हणणं साधं आहे आणि ते लेखी मागायला हवं. आसनं आधीपेक्षा कमी नकोत. ग्रामस्थ मंडळांसाठी आणि कामगार संस्थांसाठी भाड्याचा दर वेगळा हवा. गणपतीआधीच्या काही रविवारच्या तारखा लोककलांसाठी राखून हव्यात. रंगपटात पंचवीस-तीस माणसं एकाच वेळी रंगू शकतील एवढी जागा हवी, कारण नमनाचा संच दोन अंकी नाटकासारखा आटोपशीर नसतो. आणि प्रवेशद्वारापाशी 1924 च्या त्या सभेची माहिती देणारा ठळक फलक हवा. आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हे पत्र मांडणार आहे. इतर तालुक्यांच्या मंडळांनी त्यावर सह्या केल्या तर फार बरं होईल.