‘मागं जा’ म्हणायचं नाही

मंगळवारी संध्याकाळी मला इथं डेन्मार्कमध्ये, मुलाच्या बॅडमिंटन क्लबात, कोचकडून समज मिळाली. तीही इतक्या हळू आवाजात, की त्यापेक्षा तो माझ्यावर ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मुलगा खेळत होता. क्लबातल्या क्लबातलाच सामना. समोरचा पोरगा सारखं मागच्या रेघेवर फूल (म्हणजे शटल) टाकतोय आणि आमचं ध्यान नेटपाशी उभं. तीन पॉइंट असेच गेल्यावर मला राहवेना. "अरे मागं जा, मागं!" मराठीत ओरडले, म्हणजे कुणाला कळायचं नाही असा हिशेब. गेम संपल्यावर कोच शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, कोर्टवर तो एकटा असतो, त्याला एकटं राहू द्या. मग कॉफी हवी का, असंही विचारलं.

तीन दिवस मी त्या वाक्यावर चरफडत होते. आमच्या सांगलीत बाबा खेळायचे तेव्हा बघणारा प्रत्येक जण कोच असायचा. त्याच सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली परदेशातली स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, त्यांना कुणी एकटं सोडलं होतं? शिवाय इंग्रजांच्या छावणीमुळे या खेळाला एके काळी ‘पूना’ असंच म्हणायचे. आणि आता आम्हाला हे शिकवणार? (हे मी कोचला म्हटलं नाही. नवऱ्याला म्हटलं. दोनदा.)

कोच पगारी नाही, हेही सांगायला हवं. दिवसभर लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी पोरांना फुकट शिकवतो. पालकांनी पाळीपाळीनं नेट बांधायचं, केक न्यायचा. मी नानकटाई नेली होती. पाच मिनिटांत डबा रिकामा झाला, याची नोंद असू द्यावी.

आम्ही राहतो ते ओदेन्स हे बॅडमिंटनपटू व्हिक्टर अ‍ॅक्सेलसेनचं गाव. सहा फूट चार इंचांचा हा माणूस इथंच लहानाचा मोठा झाला. २०१० मध्ये ज्युनियर विश्वविजेता, २०१७ आणि २०२२ मध्ये विश्वविजेता, रिओ ऑलिंपिकला कांस्य, मग टोकियो आणि पॅरिसला सलग दोन सुवर्णं. आपल्याकडे असता तर चौकाचौकात फ्लेक्स लागले असते, खाली दहा-बारा शुभेच्छुकांचे फोटो. इथं विषय काढला तर लोक म्हणतात, "हो, चांगला खेळतो." स्वतःला कुणी विशेष समजू नये, असा इथला एक अलिखित नियम आहे, जांतेलोव म्हणतात त्याला. मला तो कधी फार शहाणपणाचा वाटतो, तर कधी निव्वळ कंजूषपणा.

या माणसानं चिनी भाषा शिकून घेतली. चिनी खेळाडूंशी त्यांच्या भाषेत बोलतो, मुलाखतीही देतो. मी पाच वर्षं इथं आहे आणि मला अजून डॅनिशमध्ये पन्नास धड म्हणता येत नाही. तो आकडा त्यांनी वीसच्या पाढ्यातून कुठून तरी फिरवून आणलाय. नशीब, बॅडमिंटनचा गेम एकवीसला संपतो. आणि एकवीसला ते ‘एन-ओ-टूवे’ म्हणतात, एक आणि वीस, अगदी आपल्यासारखं.

४ ऑगस्ट २०२४. पॅरिसची सेमीफायनल, समोर आपला लक्ष्य सेन. घरात फाळणी: मुलगा अ‍ॅक्सेलसेनकडून, मी लक्ष्यकडून, नवरा चहाकडून. पहिल्या गेममध्ये लक्ष्य २०-१७ पुढं. तीन गेम पॉइंट हातात! गेम गेला २२-२०. दुसऱ्यात लक्ष्यनं सुरुवातच ७-० अशी केली आणि मी सोफ्यावर उभी. ऑलिंपिकच्या सेमीफायनलमध्ये शून्य-सातवर माणसाच्या डोक्यात काय चालत असेल? माझ्या डोक्यात तर दोन पॉइंट मागं पडल्यावरच अख्खा इतिहास येतो. अ‍ॅक्सेलसेननं चमत्कार वगैरे काही केला नाही. पुढची रॅली खेळला, मग तिच्या पुढची. सात पॉइंट एकदम परत मागायला गेला नाही, हे मला फार उशिरा कळलं. २१-१४. मागाहून लक्ष्यचं तोंडभरून कौतुकही केलं. त्याचा मला जास्तच राग आला.

मुलगा नाचत होता तेव्हा मी त्याला २०२२ च्या थॉमस कपची, म्हणजे पुरुषांच्या सांघिक स्पर्धेची, आठवण करून दिली. सेमीफायनलला आपण डेन्मार्कला ३-२ नं हरवलं होतं आणि निर्णायक सामना आपल्या प्रणॉयनं दुखऱ्या घोट्यानं जिंकला होता. "पण त्या दिवशी पण अ‍ॅक्सेलसेन लक्ष्यशी जिंकलाच होता ना," मुलगा म्हणाला. अकरा वर्षांच्या पोरांना इतकं लक्षात असू नये.

पण मला खरं सांगायचंय ते दुबईचं. टोकियोचं सुवर्ण जिंकल्यावर, २०२१ मध्येच, अ‍ॅक्सेलसेन ब्रॉन्बीचं राष्ट्रीय सराव केंद्र सोडून जोडीदार आणि मुलीसह दुबईला गेला. त्याला दम्याचा त्रास आहे, आशियातल्या स्पर्धा तिथून जवळ पडतात, आणि घरच्यांबरोबर जरा जास्त वेळ मिळतो. ऑफिसातली एक बाई ओठ मुडपून म्हणाली, "तिकडे करही नाहीत ना!" मला काय झालं कोण जाणे, मी त्याची बाजू घेऊन भांडायलाच लागले. शरीर हेच ज्याचं भांडवल आहे त्यानं हवा मानवेल तिथं राहू नये का? गाव सोडलं म्हणजे गावाचा राहिला नाही का? प्रकाश पदुकोणसुद्धा १९८० मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर सरावासाठी कोपनहेगनला येऊन राहिले होते. माणसानं काम जिथं नीट होतं तिथं जावं! बोलता बोलता माझाच आवाज चढलेला मला ऐकू आला. ती बाई तोवर प्रिंटरपाशी गेली होती.

रविवारी आईला फोनवर हे सगळं सांगितलं. समज मिळाल्याचं सोडून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. दोन सुवर्णपदकं ऐकली, पाठीचं दुखणं आणि २०२५ च्या एप्रिलमधली शस्त्रक्रिया ऐकली, चिनी भाषा ऐकली.

"मग त्याचे आईवडील कुठं असतात?"

मी म्हटलं, नेटवर रेंज जरा कमी येतेय.

परवा परत क्लबात गेले. त्याच बाकावर बसले. पोरगं चार-दहानं मागं होतं. फूल उचलायला वाकला आणि वाकल्या वाकल्या त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीत पाहिलं.