केळघर घाट, पसरणी घाट आणि डिसेंबरातील गारठा

गेल्या डिसेंबरात आमच्या सायकल क्लबबरोबर मी सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, पाचगणी, वाई आणि परत सातारा अशी सुमारे सव्वाशे किलोमीटरची फेरी पूर्ण केली. या मार्गाची तयारी करताना बहुतेकांचे सारे लक्ष चढावर असते. माझ्या अनुभवाने मात्र थंडीत खरी परीक्षा असते ती उताराची आणि थांब्यांची, आणि म्हणून कपडे, वेळ व विश्रांती यांची आखणी त्याच अंगाने करावी लागते.

आदल्या रात्री टायरमधील हवा नेहमीपेक्षा थोडी कमी केली होती, कारण पहाटे दवाने ओलसर झालेल्या रस्त्यावर गच्च फुगलेले टायर घसरण्याची भीती अधिक असते. पुढे ३४ आणि मागे ३२ दातांचे चक्र, म्हणजे चढासाठी पुरेसा हलका गिअर असल्याने त्याची काळजी नव्हती. खिशात गूळ-शेंगदाण्यांचे लाडू, एक जादा ट्यूब आणि, तरुण मंडळींना हसू येईल असे, कालचे घडी केलेले वर्तमानपत्र होते.

साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून अंधारातच निघालो. रात्री गार होऊन जड झालेली हवा डोंगरउतारावरून घरंगळत वेण्णा नदीच्या खोऱ्यात साचते, त्यामुळे कोंडवे सोडल्यापासून मेढ्यापर्यंतचा रस्ता पुढच्या घाटापेक्षाही गार लागतो. बोटे इतकी बधिर झाली होती, की गिअर बदलला की नाही हे साखळीच्या आवाजावरूनच समजत होते. या टप्प्यावर सर्वांनी एकामागोमाग, ठरावीक अंतर राखून चालवायचे आणि खड्डा दिसताच पुढच्याने हाताने खूण करायची, असा आमचा नियम आहे. मेढ्याला चहा झाला आणि क्लबमधील ज्येष्ठ सरांनी सर्वांना अंगावरचे जाकीट काढून ठेवायला लावले. थंडी वाजत असताना जाकीट काढणे जिवावर येते. परंतु ते घालून घाट चढला तर आतले कपडे घामाने भिजतात आणि माथ्यावर तोच ओलावा अंगाशी येतो.

सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. या उंचीतील बहुतेक चढ केळघरनंतर एकदम समोर येतो. येथे समूहाने एकत्र राहण्याचा अट्टहास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दुसऱ्याच्या गतीने घाट चढणारा माणूस एक तर दमतो किंवा घामेजून गार पडतो. आम्ही ठरावीक वळणांवर थांबायचे ठरवले होते आणि एका अनुभवी सदस्याने शेवटच्या सायकलीच्या मागेच राहायचे, हे त्याने अखेरपर्यंत पाळले. (हे काम सर्वांत कंटाळवाणे असते आणि त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही.) ऊन वळणावळणाला भेटत होते आणि सावलीत शिरताच घामेजल्या अंगावर काटा येत होता.

महाबळेश्वरला उघड्यावर थांबलो नाही. भिंतीच्या आडोशाला, उन्हाच्या बाजूला उभे राहून कोरडा बनियन घातला, लाडू खाल्ला आणि लगेच निघालो. वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत पहाटेचे दव गोठते; आम्ही पोहोचेपर्यंत ऊन चांगले तापले होते, तरी पाण्यावरून येणारा वारा नाकाला झोंबत होता. रस्त्याकडेच्या स्ट्रॉबेरीसाठी काहीजण रेंगाळले, पण सरांनी त्यांना पाचगणीपर्यंत धीर धरायला सांगितले.

पाचगणीहून वाईकडे जाणाऱ्या पसरणी घाटात पाचशे मीटरहून अधिक उंची काही किलोमीटरांत उतरते. येथे ते वर्तमानपत्र कामी आले: जाकिटाखाली छातीवर पसरले, की वारा आत शिरत नाही. ब्रेक सतत दाबून धरले, तर रिम तापते आणि ट्यूब फुटण्याचा धोका असतो; म्हणून वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, पण थोडाच वेळ दाबायचे आणि वळणात सोडून द्यायचे. वळताना बाहेरच्या बाजूचा पाय खाली ठेवायचा आणि नजर चाकापुढे न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवायची. सुटीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्या ओव्हरटेक करत थेट आपल्या बाजूला येतात, तेव्हा तीस सायकलींचा जथा एकदम उतरण्यापेक्षा दोघा-तिघांनी अंतर ठेवून उतरणे केव्हाही बरे. हाच घाट या गर्दीत संथपणे चढायचा तर जीव मेटाकुटीला येईल, म्हणून मी फेरीची हीच दिशा सुचवतो.

वाईला घाट संपला, पण गाळपाचा हंगाम सुरू होता. दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर दिसण्याआधी त्यांच्यावरील स्पीकरची गाणी ऐकू येतात. मागची ट्रॉली झोके घेते, म्हणून वाऱ्याच्या आडोशासाठी तिच्यामागे लागू नये. रस्त्यावर पडलेली कांडी चाकाखाली आली, तर बारीक टायरची सायकल हमखास आडवी होते, आमचा पुढचा गडी ती दिसताच "ऊस!" असे ओरडत होता आणि ती हाक मागेपर्यंत पोचवली जात होती. पाचवडपासून महामार्गाच्या कडेने पुन्हा एकामागोमाग रांग धरली आणि दुपारच्या जेवणापर्यंत सातारा गाठले.