नाग धामणीला जवळचा, घोणशीला लांबचा

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी शेजारच्या वाडीतील एक काका प्लॅस्टिकच्या बरणीत मेलेला साप घेऊन माझ्याकडे आले. रात्री तो अंथरुणाजवळ दिसला आणि घाबरून काठीने मारताना त्याचे डोके पार ठेचले गेले होते. काळे अंग आणि त्यावर पांढरे बारीक आडवे पट्टे. "मण्यार की कवड्या, एवढंच सांगा," ते म्हणाले. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, तर विषारी मण्यारचे शेपटीकडे ठळक असतात, हे मला ठाऊक होते; पण पुढचा भाग ठेचलेला असताना तेवढ्यावर विसंबण्याची माझी तयारी नव्हती. मी चिमट्याने साप उताणा केला आणि भिंग घेऊन शेपटीखालचे खवले पाहिले. कवड्याचे हे खवले मधोमध विभागलेले, म्हणजे जोडीजोडीने असतात. येथे मात्र शेपटीच्या टोकापर्यंत एकेक अखंड खवला एकापुढे एक मांडलेला होता. साप पुन्हा पालथा केल्यावर पाठीच्या कण्यावरची इतरांपेक्षा मोठ्या, षटकोनी खवल्यांची रांगही दिसली. मण्यारच होता. त्याचा दंश झोपेत अनेकदा जाणवतही नाही, म्हणून घरातल्या सर्वांना त्याच वेळी रुग्णालयात तपासणीसाठी नेण्यास मी सांगितले. सुदैवाने कोणालाही दंश झालेला नव्हता.

शेपटीखालच्या या खवल्यांना सापांच्या वर्गीकरणाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. लिनिअस या स्वीडिश निसर्गअभ्यासकाने १७५८ मध्ये प्राण्यांची मांडणी केली, तेव्हा बहुतेक सापांची वाटणी त्याने याच खुणेवरून केली होती. शेपटीखालचे खवले अखंड असले तर तो साप 'बोआ', जोडीचे असले तर 'कोल्युबर'. परिणामी नाग 'कोल्युबर नाजा' झाला आणि धामण 'कोल्युबर म्युकोसस'. पुढे १७९७ मध्ये, कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिक रसेल यांच्या नावाने घोणशीचे शास्त्रीय नामकरण झाले, तेव्हा तीही 'कोल्युबर'मध्येच दाखल झाली. त्याहून विलक्षण प्रकार १८०१ मध्ये घडला. श्नायडर या जर्मन अभ्यासकाने मण्यार आणि फुरसे हे दोन्ही साप 'स्यूडोबोआ', म्हणजे 'खोटा बोआ', या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, ठेवले. एक गुळगुळीत, चकचकीत, लांबसडक. दुसरे खरखरीत, आखूड, तपकिरी, करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून आवाज करणारे. त्यांच्यात साम्य शोधू गेल्यास हाती लागतात ते शेपटीखालचे अखंड खवले.

श्नायडरला मी दोष देत नाही, कारण एका खुणेवर सारा भार टाकण्याची सवय आपल्यालाही आहे. आपण फक्त खवल्यांऐवजी विष धरले आहे. विषारी, निमविषारी आणि बिनविषारी ही विभागणी आपण शाळेपासून पाठ करतो. साप घरात शिरला असता ती उपयोगी पडते, यात शंका नाही. मात्र तिच्यामुळे मनात असे चित्र तयार होते की नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे एका घराण्यातले भाऊबंद आहेत आणि धामण, दिवड, कवड्या ही वेगळी, निरुपद्रवी मंडळी. शरीररचनेच्या आणि गेल्या दोन-तीन दशकांतील डीएनएच्या अभ्यासातून दिसणारे नाते याहून अगदी वेगळे आहे. घोणस, फुरसे आणि चापडा यांचे व्हायपेरिडी हे कुल सापांच्या वंशवृक्षावर आधी वेगळे झाले. उरलेल्या फांदीतून पुढे एकीकडे नाग, मण्यार, पोवळा आणि समुद्रसाप यांचे एलापिडी कुल निघाले, तर दुसरीकडे धामण, कवड्या, मांजऱ्या, हरणटोळ यांचे कोल्युब्रिडी कुल. म्हणजे नाग घोणशीपेक्षा धामणीला जवळचा आहे. धामण ही नागाची जोडीदारीण असते, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही, कारण ही दोन कुले कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झाली आहेत. परंतु नाग आणि घोणस यांची वाट त्याहूनही आधी फुटलेली आहे.

मग दोघांच्याही तोंडात पुढच्या बाजूला पोकळ विषदंत कसे आले, असा प्रश्न पडतो. मला या विषयातील हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. नागाचे विषदंत आखूड असतात आणि जबड्यात एका जागी पक्के बसलेले असतात. घोणशीचे लांब आणि बाकदार असतात. ते ज्या हाडावर उभे असतात ते हाड इतके आखूड आणि फिरते असते, की तोंड मिटल्यावर दात टाळूला टेकून आडवे होतात आणि चावताना उभे राहतात. मांजऱ्या आणि हरणटोळ यांचे खाच असलेले दात जबड्याच्या मागच्या टोकाला असतात, आणि म्हणूनच त्यांना आपण निमविषारी म्हणतो. अंड्यातील आणि पोटातील गर्भांची वाढ टप्प्याटप्प्याने तपासणाऱ्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की नाग आणि घोणस यांच्या कुलांतील सापांच्या गर्भातही विषदंतांची सुरुवात जबड्याच्या मागच्या भागातच होते आणि वाढीच्या ओघात ते पुढे सरकतात. ज्या मागच्या दातांवरून आपण मांजऱ्याला निमविषारी ठरवतो, त्याच साहित्यातून दोन वेगळ्या घराण्यांनी आपापल्या वाटेने पुढचे विषदंत घडवले आहेत.

समुद्रसापांची गोष्टही अशीच. कोकणातील मच्छीमारांच्या जाळ्यात वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचे हे साप नेहमी येतात, आणि पाण्यात राहतात म्हणून पाहणाऱ्याला ते दिवडीचे नातलग वाटतात. प्रत्यक्षात ते नागाच्या कुलातले असून त्यांचे जवळचे नातलग ऑस्ट्रेलियातील जमिनीवर राहणारे विषारी साप आहेत. आपल्या किनाऱ्यावर आढळणारा चोचीसारख्या तोंडाचा समुद्रसाप ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरही आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. डीएनए तपासल्यावर तिकडचा साप निराळ्याच जातीचा निघाला. सारख्या राहणीतून दोघांचे तोंड सारखे घडले होते, रक्ताचे नाते मात्र इतरांशी होते.

बोलीभाषेतील नावांविषयी मला आदर आहे, कारण ती रोजच्या पाहण्यातून आलेली आहेत. 'नाजा' हे शास्त्रीय नाव आपल्या 'नाग' या शब्दाच्याच घराण्यातले आहे, आणि मण्यारच्या 'बंगारस' या प्रजातीचे नाव तेलुगूतील सोन्याच्या नावावरून, तेथील पिवळ्याजर्द पट्ट्यांच्या मण्यारवरून आले आहे. विदर्भाच्या पूर्व भागात त्याला आग्या मण्यार म्हणतात. परंतु डुरक्या घोणस या नावाने केलेले नुकसान मी पाहिले आहे. हा साप बोआच्या कुलातला आणि पूर्णपणे बिनविषारी आहे. त्याच्या नावातील घोणस ऐकून लोक त्याला ठेचतात. याच्या उलट, खरी घोणस अजगराचे पिल्लू समजून हाताने उचलली जाते, आणि त्याचा परिणाम फार भयंकर असतो. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, अजगराच्या पाठीवर वेडेवाकडे मोठे डाग असतात. हा फरक लांबूनही ओळखता येतो आणि तो लांबूनच ओळखावा.

शास्त्रीय नावे सारखी बदलतात, अशी तक्रार अनेक सर्पमित्र करतात. चापड्याचे 'ट्रायमेरेसुरस' बदलून 'क्रॅस्पेडोसेफॅलस' झाले, तेव्हा मलाही ते जिभेवर बसवायला वेळ लागला. तरी हे बदल मला आवश्यक वाटतात. नागराज ही पश्चिम घाटापासून फिलिपिन्सपर्यंत पसरलेली एकच जाती मानली जात होती. २०२४ मध्ये तिच्या चार जाती करण्यात आल्या आणि पश्चिम घाटातील नागराजाला त्याच्या कन्नड नावावरून 'कालिंगा' हे नाव मिळाले. एवढ्या मोठ्या प्रदेशातला साप म्हणून त्याच्याबाबत जी निश्चिंती होती, ती आता बाळगता येणार नाही.

रुग्णाच्या दृष्टीने तर नात्याचा प्रश्न आणखी निकडीचा आहे. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्यांना अल्प प्रमाणात टोचून तयार केले जाते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये आग्या मण्यार आणि सिंधी मण्यार यांसारख्या, या चौघांबाहेरच्या सापांची विषे तपासली, तेव्हा काहींवर हे प्रतिविष फारच तोकडे पडते असे आढळले. गोवा आणि त्याच्या दक्षिणेकडील सह्याद्रीत आढळणारा उंच नाकाचा चापडा घोणशीच्याच कुलातला आहे, पण त्याच्या दंशावर ते उपयोगी पडत नाही. एका कुलात असूनही नाग आणि मण्यार यांच्यातसुद्धा मोठा भेद आहे. नागाचे विष मुख्यतः स्नायूच्या बाजूला चेतातंतूचा निरोप अडवते, म्हणून प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग होऊ शकतो. मण्यारचे विष चेतातंतूचे टोकच निकामी करते, तेथे या औषधाचा भरवसा धरता येत नाही आणि रुग्णाला कित्येक दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागू शकते. घोणस किंवा फुरसे चावले असेल, तर डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांत ते गोठते की नाही, हे पाहतात.

त्या सकाळी मी काकांना भिंगातून शेपटीखालचे अखंड खवले दाखवले आणि कवड्याचे जोडीचे असतात, हेही सांगितले. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि विचारले, "धामणीचे कसे असतात?" जोडीचे, मी म्हणालो. "नागाचे?" तेही जोडीचे. "आणि घोणशीचे?" तेही जोडीचेच, मी म्हणालो. त्यांनी भिंग बरणीच्या झाकणावर ठेवले आणि म्हणाले, "मग या एका खुणेवरून सोयरीक ठरवायची नाही."