पाच मतांचा सिनेटर

१८४२ मध्ये अब्राहम लिंकनचं लग्न झालं तेव्हा मेरीची करवली होती ज्युलिया जेन, अगदी जवळची मैत्रीण. तेरा वर्षांनी त्याच ज्युलियाचा नवरा सिनेटर झाला आणि लिंकन हरला, मग मेरीनं तिच्याशी बोलणंच टाकलं. हा किस्सा वाचला आणि म्हटलं हा नवरा कोण बघू तरी, तर लायमन ट्रंबल नावाचा माणूस सापडला, आणि दोन रविवार गेले माझे त्याच्या मागे.

त्या काळी सिनेटर लोक निवडून देत नसत, राज्याचं विधिमंडळ निवडायचं. फेब्रुवारी १८५५, इलिनॉय. पहिल्या फेरीत लिंकनला चाळीसच्या वर मतं आणि ट्रंबलला किती, तर पाच! पण ही पाच माणसं हलेनात. ते ट्रंबलसारखेच डेमोक्रॅट होते, कॅन्सस-नेब्रास्कात गुलामगिरीला दार उघडून देणाऱ्या कायद्यावरून स्वतःच्याच पक्षावर चिडलेले, पण म्हणून विरोधी व्हिग पक्षाच्या लिंकनला मत द्यायचं? छे. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, लिंकनची मतं गळत गेली आणि मॅटेसन नावाचा गव्हर्नर मधल्यामध्ये जिंकणार असं दिसायला लागलं, तेव्हा लिंकननंच आपल्या लोकांना सांगितलं की ट्रंबलला द्या मतं. दहाव्या फेरीत ५१ मतं मिळून ट्रंबल सिनेटर! नंतर एका पत्रात लिंकननं लिहिलंय की माझ्या हरण्याच्या दुःखापेक्षा मॅटेसन पडल्याचा आनंद मोठा आहे. मेरीला मात्र हा हिशोब काही पटला नाही.

पुढे ट्रंबल रिपब्लिकन झाला, सिनेटच्या न्यायविषयक समितीचा अध्यक्ष झाला, गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती त्याच समितीतून आली, आणि १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा तर त्याचाच. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननं त्यावर व्हीटो मारला, काँग्रेसनं तो धुडकावून कायदा केलाच.

आता गंमत बघा. दोनच वर्षांनी त्याच जॉन्सनवर महाभियोग आला, काढायला ३६ मतं हवीत, पडली ३५. सात रिपब्लिकन फुटले, त्यात एक ट्रंबल! ज्यानं आपलं विधेयक केराच्या टोपलीत टाकलं त्यालाच वाचवलं. त्याचं म्हणणं, आज मतभेदावरून याला काढलं तर उद्या बहुमताशी न पटणारा एकही राष्ट्राध्यक्ष खुर्चीवर राहणार नाही. मला हे पटतं, पण ज्यांनी त्याला तेव्हा शिव्या घातल्या त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही, कारण दक्षिणेत गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना जॉन्सन वाऱ्यावर सोडत होता.

आणि ट्रंबल तरी वेगळं काय करत होता? १८७१ मध्ये काळ्या लोकांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या टोळीला आवरायला कायदा आला तर घटनेत बसत नाही म्हणून हा विरोधात. म्हणजे हक्क लिहून द्यायला पुढे आणि राखायची वेळ आली की कलमं काढून बसायचं. इथे तो मला फार खटकतो. १८७२ ला रिपब्लिकनांतून फुटलेला लिबरल रिपब्लिकन गट, मग परत डेमोक्रॅट, १८८० ला त्यांच्यातर्फे गव्हर्नरकीला उभा राहून पडला. आपल्याकडे असता तर आयाराम-गयाराम म्हणून मोकळे झालो असतो.

पण म्हातारपणी हा माणूस परत चकवतो. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीवरून झालेल्या रेल्वे संपात कोर्टाचा आदेश मोडला म्हणून कामगार पुढारी युजीन डेब्जला शिक्षा झाली, तेव्हा १८९५ ला सुप्रीम कोर्टात त्याच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या वकिलांत एक ८१ वर्षांचा ट्रंबल, सोबत क्लॅरन्स डॅरो. केस हरले, एकही न्यायाधीश त्यांच्या बाजूनं नाही. तोवर ट्रंबल शेतकरी-कामगारांच्या पॉप्युलिस्ट पक्षाकडे झुकला होता, म्हणजे मोजायचंच तर चौथी उडी.

जून १८९६ मध्ये तो शिकागोत वारला. दोन आठवड्यांनी त्याच शहरात डेमोक्रॅट्सनी राष्ट्राध्यक्षपदाला विल्यम जेनिंग्ज ब्रायनला उभं केलं आणि पाठोपाठ पॉप्युलिस्टांनीही त्यालाच. हा ब्रायन वकिली शिकताना ट्रंबलच्याच ऑफिसात काम करायचा.