सुझोऊ: खिडकीतून बघायची चित्रं

सुझोऊला जाणारे बहुतेक पर्यटक सकाळी शांघायहून निघतात, सगळ्यात मोठी बाग बघतात, कालव्याकाठी फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. वेगवान रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर आहे, त्यामुळे मोह होतोच. पण चिनी चित्रं आणि चिनी घरांची मांडणी यांत मनापासून रस असेल, तर कृपा करून असं करू नका. जुन्या गावात मुक्काम करा आणि बागांच्या आधी चित्रं बघा. क्रम उलटा झाला तर बागेत नुसते दगड आणि पाणी दिसतं.

म्हणून सुरुवात सुझोऊ म्युझियमपासून. इमारत वास्तुकार आय. एम. पे यांची, २००६ साली उघडलेली. प्रवेश फुकट, पण आगाऊ नोंदणी लागते आणि सोमवारी बंद. गावाच्या पश्चिमेला याच संग्रहालयाची दुसरी नवी इमारत आहे; तुम्हाला डोंगबेई रस्त्यावरची हवी, हे नोंदणी करतानाच बघून घ्या. आतल्या चौकात तळ्यापलीकडे एक पांढरी भिंत आहे आणि तिच्यापुढे पातळ कापलेल्या दगडांची रांग. भिंत म्हणजे कागद, दगड म्हणजे शाईतले डोंगर. सुंग राजवटीच्या काळातल्या ‘मी फू’ या चित्रकाराच्या धूसर डोंगरांवरून ही कल्पना सुचली. पाऊस असेल तर तिथून लवकर हलू नका, ओले दगड गडद होतात आणि भिंतीवरची शाई जणू ताजी वाटू लागते.

दालनांत सुझोऊच्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या चित्रकारांची ओळख करून घ्या: शेन झोऊ, वेन झेंगमिंग, तांग यिन, चिऊ यिंग. रेशीम आणि कागद उजेडाने खराब होतात, म्हणून चित्रं आलटून पालटून बाहेर काढतात. एखादं ठरावीक चित्र बघायचंच, असा हट्ट धरून जाऊ नका. आडवा पट उघडलेला दिसला तर मात्र थांबा. हा पट कधी भिंतीवर टांगत नसत. टेबलावर ठेवून डाव्या हाताने थोडा उलगडायचा, उजव्या हाताने मागचा गुंडाळायचा, एका वेळी दोन हातांत मावेल तेवढाच बघायचा. बघणाऱ्याची जागा ठरलेली नसते, तो चित्रातून चालत जातो. अकराव्या शतकातल्या ग्वो शी या चित्रकाराचं म्हणणं होतं की डोंगरांचं चित्र नुसतं बघण्याजोगं किंवा वाट काढण्याजोगं असून भागत नाही, त्यात रमावंसं, राहावंसं वाटलं पाहिजे. सुझोऊच्या बागा या कसोटीवर बांधल्या आहेत.

झुओझेंग युआन (इथे युआन म्हणजे बाग) ही सगळ्यात मोठी बाग म्युझियमच्या शेजारीच आहे. वेन झेंगमिंगने १५३३ साली तिची ३१ दृश्यं चितारली आणि प्रत्येकासोबत कविता लिहिली. आजची बाग त्यानंतर पुष्कळ बदललेली आहे. तळ्याच्या टोकाला, झाडांच्या वर, बेइसी मंदिराचा मनोरा दिसतो. तो बागेतला नाहीच, गावातला आहे; पण झाडं अशी लावली आहेत की तो आपलाच वाटतो. दार उघडताच आत शिरलात तर हे शांतपणे बघता येतं. दहानंतर मार्गदर्शकांच्या झेंड्यांमागे माणसांच्या रांगा असतात.

माझा जीव जडला तो वांगशी युआनवर. सगळं मिळून अर्धा हेक्टर. पश्चिमेच्या कोपऱ्यात डियानचुन यी नावाची अभ्यासिका आहे, तिथे बसायला जागा मिळाली तर सोडू नका. खोलीच्या मागच्या भिंतीत खिडक्या आहेत आणि त्यांच्यापलीकडे काही पावलांवर पांढरी भिंत. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात बांबू, एखादा उभा दगड, एखादं झाड. खिडकीची नक्षीदार चौकट आणि मागची कोरी भिंत यांच्यामध्ये अडकल्यावर ते हुबेहूब टांगलेलं चित्र होतं, फक्त वारा आला की हलतं. दाराशी उभं राहून फोटो काढलात तर हे हुकतं. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची धरूनच खिडकी बसवलेली आहे. निदान थोडं वाकून तरी बघा. छपरापासून जमिनीपर्यंत रंग म्हणाल तर पांढरा, राखाडी आणि काळपट लाकूड. हिरवा तेवढा बाहेरून येतो.

१९३०च्या दशकात इथे झांग दाचियान आणि त्यांचे थोरले बंधू झांग शानझी हे चित्रकार राहत. शानझी वाघ रंगवायचे आणि त्यासाठी त्यांनी बागेत वाघाचं पिल्लू पाळलं होतं. त्याच्या समाधीवरची अक्षरं दाचियान यांच्या हातची. डियानचुन यीच्या चौकाच्या भिंतीत तो दगड आहे, शोधा. आणि न्यूयॉर्क-न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींसाठी: मेट्रोपॉलिटन म्युझियममधला अॅस्टर कोर्ट हा चिनी चौक याच चौकावरून सुझोऊच्या कारागिरांनी उभारला, १९८१ साली. तो बघून सुझोऊला आलात तर दुप्पट आनंद होईल.

खोल्यांच्या सजावटीसाठी लिऊ युआन. टेबल-खुर्च्यांत एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, खिळा नाही. खुर्च्यांच्या पाठींत दाली गावच्या संगमरवराच्या चकत्या बसवतात. त्यांतल्या करड्या रेघांकडे नीट बघा: ढगांतून वर आलेले डोंगर दिसतात, कुंचला न लावता. पाच शिखरांच्या दालनात अशाच संगमरवराची एक मोठी गोल चकती पडद्यासारखी उभी केली आहे, मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते. मागच्या चौकात साडेसहा मीटर उंचीचा ताईहू सरोवरातला दगड आहे. दगड कृश, सुरकुतलेला, आरपार भोकांचा असावा, ही तिथली जुनी पारख.

शेवटी यी पू ही बाग. लहान, गल्लीबोळांत दडलेली, छांगमेन वेशीजवळ. सतराव्या शतकात ही वेन झेनमेंग यांची होती. त्यांचे धाकटे भाऊ वेन झेनहेंग यांनी घर कसं मांडावं यावर आख्खा ग्रंथ लिहिला. अभ्यासिकेत चित्र एकच, आणि उंचावर टांगावं. समोरासमोर जोड्या लावणं त्यांना अगदी गावंढळ वाटे. कोणत्या महिन्यात कोणतं चित्र लावावं याचंही त्यांनी वेळापत्रक दिलं आहे. चित्र बदलतं तसं घर बदलतं, हे मला फार पटलं. तळ्यावरच्या चहाघरात गावातले म्हातारे गप्पा मारत बसतात. बिलुओचुन चहा मागवा, गरम पाण्याचा थर्मास आणून ठेवतात.

आता व्यवहाराचं. भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी लागतो. रेल्वे, बागा, म्युझियम सगळीकडे पासपोर्टच तिकीट, तो खोलीवर ठेवू नका. तिकिटं हंगामाप्रमाणे: झुओझेंग युआन ७०-८० युआनच्या घरात, लिऊ युआन ४५-५५, वांगशी युआन ३०-४०. अलिपे किंवा वीचॅटला (फोनवरून पैसे द्यायची चिनी अॅप्स) आपलं कार्ड निघण्याआधी जोडून, एकदा चालवून बघा. गुगल नकाशा तिथे भरवशाचा नाही, चिनी नकाशाचं अॅप घ्या आणि बागांची नावं चिनी अक्षरांत फोनवर साठवा. वसंतोत्सव (चिनी नववर्ष), मेचा पहिला आठवडा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळाच. पावसाला घाबरू नका, बागांतल्या पडव्या छपराखालून जवळपास सगळीकडे नेतात.

निघण्याआधी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली टाटांनी दिलेली चिनी जेड आणि चिनी मातीची भांडी बघून घ्या, नजर तयार होते.

शाकाहारी मंडळींना जेवणाची काळजी करावी लागते. सुझोऊचा स्वयंपाक गोडसर, त्यात मासे आणि डुकराचं मांस सर्रास. लिऊ युआनपासून चालत जाण्याजोगं शीयुआन मंदिर आहे, तिथे शाकाहारी नूडल्स मिळतात, वर मशरूमचं कालवण. दुपारी संपतात, म्हणून आधी मंदिर, मग बाग.