सांबा, दोन कंपन्यांचा करार आणि महालमधला छापखाना

नोव्हेंबर २००६ च्या पहिल्या आठवड्यात विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्ट आणि सुसे लिनक्स विकणारी नॉव्हेल या कंपन्यांच्या कराराची बातमी आली, तेव्हा नागपुरात महालमधील एका छापखान्याच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे होती. अक्षरजुळणी करणारी मुले विंडोजवर काम करत, आणि लग्नपत्रिकांपासून स्मरणिकांपर्यंतच्या साऱ्या फाइली आतल्या खोलीतील डेबियन लिनक्स या मोफत संगणक प्रणालीवर चालणाऱ्या यंत्रावर साठवल्या जात. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे सांबा, अर्थात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेला प्रकल्प. विंडोजची यंत्रे जाळ्यावरून एकमेकांना नेमके काय पाठवतात हे वर्षानुवर्षे निरखून तो उभा राहिला होता, कारण त्या संवादाचे नियम मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही वाचता-बदलता येणाऱ्या, प्रकल्पाला वापरता येतील अशा अटींवर मिळत नव्हते.

छापखान्याच्या मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. त्यांनी विचारले, "या दोघांचं जमलं म्हणे. मग आपल्या आतल्या मशीनचं काय?" विंडोज आणि लिनक्स आता अधिक चांगले जुळतील, असे मी उत्साहाने सांगितले. दोन दिवसांनी कराराचा तपशील वाचल्यावर मात्र ते उत्तर मला मागे घ्यावे लागले.

करारात तांत्रिक सहकार्य होतेच, आणि सुसे लिनक्सच्या सेवेची प्रमाणपत्रे वाटण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २४ कोटी डॉलर मोजले होते. खरी मेख पेटंटांच्या कलमात होती. नॉव्हेलला पेटंटांचा परवाना दिलेलाच नव्हता. त्याऐवजी दोन्ही कंपन्यांनी एकमेकींच्या ग्राहकांवर दावा न लावण्याचे वचन दिले होते. लिनक्स आणि सांबा ज्या मुक्त परवान्याखाली वाटले जात, त्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार, पेटंटाच्या अटींमुळे पुढच्या प्रत्येकाला तेच स्वातंत्र्य देता येत नसेल, तर सॉफ्टवेअर वाटताच येत नाही. वचन थेट ग्राहकांना दिल्यामुळे ती अट शब्दशः पाळली गेली आणि तिचा हेतू मात्र बाजूला पडला. तोच प्रोग्रॅम नॉव्हेलकडून घेणारा दाव्यापासून सुरक्षित आणि डेबियनमधून उतरवून घेणारा असुरक्षित, अशी वापरणाऱ्यांची फाळणी त्यातून झाली. सांबाचे एक प्रमुख लेखक जेरेमी ॲलिसन तेव्हा नॉव्हेलमध्ये नोकरीला होते. त्यांनी डिसेंबरात याच कारणासाठी राजीनामा दिला. लठ्ठ पगाराची नोकरी परवान्यातील एका तत्त्वासाठी सोडणाऱ्या माणसाबद्दल मला आजही नितांत आदर वाटतो.

पुढे मे २००७ मध्ये, मुक्त सॉफ्टवेअर आपल्या २३५ पेटंटांचे उल्लंघन करते, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले; ती पेटंटे कोणती, हे मात्र उघड केले नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही, त्यामुळे महालमधील भाऊंना भिण्याचे फारसे कारण नव्हते. पण ज्यांच्या कामावर आमचा छापखाना चालत होता, त्या लेखकांपैकी बरेच जण अमेरिकेत होते.

२९ जून २००७ रोजी आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने ही पळवाट बुजवली. काही जणांना पेटंटाचा परवाना देऊन ते सॉफ्टवेअर वाटणाऱ्याचा परवाना आता आपोआप सर्वांना लागू होतो, आणि २८ मार्च २००७ नंतर असा भेदभावाचा करार करणाऱ्याला ते सॉफ्टवेअर वाटता येत नाही. सांबाने लगेच ही आवृत्ती स्वीकारली.

सांबाला हवी असलेली माहिती शेवटी मिळाली ती वेगळ्याच वाटेने. युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला होता आणि सर्व्हरच्या संवादाची माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला होता. १७ सप्टेंबर २००७ रोजी न्यायालयाने तो कायम केला. त्यानंतर डिसेंबरात, एकदाच भरायच्या १०,००० युरोंच्या मोबदल्यात, ती कागदपत्रे सांबाच्या लेखकांच्या हाती आली. कागदपत्रे गुप्त ठेवायची होती, पण त्यांवरून लिहिलेला प्रोग्रॅम जीपीएलखाली जगाला देण्याची मोकळीक होती, आणि संबंधित पेटंटांची यादीही त्यांना मिळणार होती. म्हणूनच कंपन्यांची हातमिळवणी झाल्याचे कळले की मी आधी एवढेच पाहतो की जोडणीचे नियम त्या दोघींचा ग्राहक नसलेल्याच्याही उपयोगी पडणार आहेत का.

पेटंटांचा प्रश्न मिटायला आणखी बरीच वर्षे गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ६०,००० हून अधिक पेटंटांसह ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये, म्हणजे लिनक्सबाबत एकमेकांवर पेटंटे न उगारण्याचे ठरवलेल्यांच्या गटात, प्रवेश केला आणि लिनक्सभोवतीची ती जुनी भीती ओसरली. सांबाचे फळ मात्र आमच्या हाती त्याआधीच आले होते. डिसेंबर २०१२ मध्ये चौथी आवृत्ती आली, जी विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे, म्हणजे जाळ्यावरील सर्वांची खाती आणि पासवर्ड एका जागी सांभाळणाऱ्या व्यवस्थेचे, नियंत्रक म्हणून काम करू शकत होती. पुढच्या उन्हाळ्यात, कूलर लावलेल्या त्याच आतल्या खोलीत बसून मी ती चढवली, आणि अक्षरजुळणीच्या मुलांची सगळी खाती एका ठिकाणी आणली. भाऊंनी स्वतःचा पासवर्ड घालून फाइल उघडून पाहिली आणि विचारले, "याचे पैसे कोणाला द्यायचे?" मी त्यांना सांबाच्या लेखकांची नावे वाचून दाखवली.