बाड, मसनवी आणि एक रकाना

पोथ्यांच्या दुरुस्तीत मजकूर वाचायला सवड नसते. डोळे बघतात ते कसरीची भोकं, ओलीचे डाग, उसवलेली शिवण. त्या दिवशी मात्र वाचनाशिवाय काम पुढे सरकेना.

एका टेबलावर अभंगांचं बाड, म्हणजे हाताने लिहिलेली जुनी वही, होतं. दुसऱ्यावर सूफी कवी रूमींच्या मसनवीची, म्हणजे त्यांच्या दीर्घ काव्याची, जुनी फारसी नक्कल, सगळी पानं सुटी. आपल्या पोथीत समासात पत्रांक असतो. या नकलेत तो नव्हता. पानाच्या तळाशी कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द तिरका लिहिलेला असतो, त्यावरून क्रम लावायचा. नेमके तेच कोपरे कसरीने खाल्लेले आणि त्यावर कधीतरी कुणी चिकटपट्टी मारलेली! जुन्या कागदाला चिकटपट्टी लावणाऱ्याला संग्रहाच्या दारातही उभं करू नये. कोमट सुरीने ती कणाकणाने सोडवली, गव्हाच्या पातळ खळीने जपानी टिश्यू बसवला, आणि क्रम सांगायला फारसीच्या निवृत्त प्राध्यापकांना बोलावलं.

पहिलं पान सापडताच सर मोठ्याने वाचू लागले. वेळूच्या बेटातून तोडलेली बासरी ताटातुटीचं गाऱ्हाणं गाते. मुळापासून दुरावलेला पुन्हा भेटीचे दिवस शोधतो. पुढे थांबून म्हणाले, "ताई, इथे म्हटलंय, पाण्याने सगळ्यांचं भागतं, भागत नाही ते एका मासोळीचं."

बाडाच्या त्याच सकाळी दुरुस्त केलेल्या पानावर तुकोबा होते. 'कन्या सासुऱ्यासि जाये । मागें परतोनी पाहे', आणि शेवटी 'जीवनावेगळी मासोळी । तैसा तुका तळमळी'. मी तो अभंग म्हणून दाखवला. सरांनी पुन्हा म्हणायला लावला.

रूमी गेले 1273 मध्ये, कोन्यात. तुकोबा 1650 मध्ये, देहूत. दोघं एकच सांगतात असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. तुकोबांची मासोळी पाण्याबाहेर तडफडते. रूमींची पाण्यातच आहे, तरी तिला पुरत नाही. एकाला भेट हवी आहे, दुसऱ्याची ओढ भेटीतही संपत नाही. पण आपण जिथले, तिथून तुटलो आहोत ही कळ दोघांनाही आहे, आणि ती मला त्या टेबलांमध्ये उभी असताना अगदी अंगावर आली.

नोंदणीच्या संगणकात 'धर्म' असा रकाना आहे, पर्याय एकच निवडता येतो. बाडात पुढे श्रीगोंद्याचे शेख महंमदही आहेत, 'शेख महंमद अविंध । त्याचे हृदयीं गोविंद' म्हणणारे; अविंध म्हणजे मुसलमान. त्यांचे गुरू चांद बोधले सूफी. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू तेच, असं परंपरा सांगते. हे बाड कुठे घालायचं? वरून उत्तर आलं: बाड हिंदू, मसनवी इस्लाम, पुढचं काम घ्या. हा रकाना आखणाऱ्याने एखादं बाड कधी उघडलं असेल असं वाटत नाही. पुढे कुणी अभ्यासक या तळमळीचा माग काढत आला, तर त्याला यातलं एकच सापडणार.

शेऱ्याच्या जागी मी दोन्हींचे क्रमांक एकमेकांच्या नोंदीत घातले. ते काढा, असा तोंडी निरोप आला आहे. मी लेखी कारण मागितलंय.